साइटवर अपघात झाला, तर भरपाई कोण देतो आणि ती कशी मिळते

बांधकामावर माणूस पडला की सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न येतो: चूक कोणाची? मुकादम सांगतो, याने पट्टा लावला नव्हता. ठेकेदार सांगतो, हा माझा माणूसच नव्हे. बिल्डरच्या ऑफिसातून निरोप येतो, काम ठेकेदाराला दिले आहे, त्यालाच विचारा. जखमी माणसाचे घर या तीन उत्तरांमध्ये फिरत राहते आणि पुराव्याचे पहिले आठ दिवस हातचे निघून जातात.

भरपाईचा कायदा चुकीपासून सुरूच होत नाही. तो दोनच गोष्टी विचारतो. माणूस कामावर होता का? आणि अपघात कामामुळे, कामाच्या ओघात झाला का? दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तर मालकाला भरपाई द्यावी लागते. परांची कच्ची होती हे कामगाराला सिद्ध करावे लागत नाही. हे एवढे जरी आपल्या मनात पक्के बसले, तरी पुढची वाट बरीच सोपी होते. ती वाट टप्प्याटप्प्याने पाहू.

कायदा कोणता

मूळ कायदा १९२३ चा. आधी त्याला कामगार नुकसानभरपाई कायदा म्हणत. २००९ च्या दुरुस्तीने, जानेवारी २०१० पासून, तो ‘कर्मचारी भरपाई कायदा’ झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० या नव्या कायद्याने घेतली. संहिता म्हणजे अनेक जुने कायदे एकत्र बांधून केलेला एक कायदा.

अपघात त्या तारखेआधीचा असेल तर जुना कायदा, नंतरचा असेल तर संहिता. भरपाईची मूळ चौकट दोन्हीकडे सारखीच आहे. जुन्या कायद्यात निवाडा करणाऱ्याला ‘आयुक्त’ म्हणत, संहितेत ‘सक्षम प्राधिकारी’ म्हणतात. या लेखात आपण आयुक्त हाच शब्द वापरू, कारण कोर्टाच्या आवारात अजून तोच चालतो.

पहिला दिवस: दवाखान्यात काय सांगायचे

जीव वाचवणे पहिले. पण दवाखान्यात नोंद करताना अपघात कुठे आणि कसा झाला हे खरे सांगा. ‘अमुक साइटवर, तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून पडला’ असे स्पष्ट शब्द केसपेपरवर आले पाहिजेत.

गोष्टी बिघडतात त्या इथेच. सोबत आलेला मुकादम ‘घरी जिन्यावरून पडला’ असे लिहायला सांगतो, म्हणजे पोलीस येणार नाहीत. घाबरलेले नातेवाईक मान डोलावतात. वर्षभराने तोच कागद सुनावणीत मालकाच्या हातात असतो आणि तो खोडून काढणे फार अवघड जाते.

अशा अपघाताची नोंद दवाखान्याने एमएलसी म्हणून करायची असते. एमएलसी म्हणजे पोलिसांना कळवावे लागेल असे प्रकरण. तिचा नंबर लिहून घ्या. तशी नोंद झाली नसेल तर डॉक्टरांना ती करायला सांगा.

मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदन होऊ द्या. शवविच्छेदन अहवाल, मरणोत्तर पंचनामा, घटनास्थळाचा पंचनामा आणि एफआयआर हे चार कागद पुढच्या दाव्याचे खांब आहेत. गावी अंत्यविधी करायच्या घाईत शवविच्छेदन टाळले, तर मृत्यू अपघातानेच झाला हे दाखवायला हाती काहीच उरत नाही.

पहिला आठवडा: नाते सिद्ध करणारे पुरावे

नाक्यावरून आलेल्या बिगाऱ्याकडे नेमणूकपत्र नसते, पगाराची पावती नसते. मालकाला त्याचा चांगलाच अंदाज असतो. म्हणून ‘हा आमच्याकडे कामाला नव्हताच’ हा सर्वांत आधी येणारा बचाव आहे.

त्यावर उतारा म्हणून जे मिळेल ते जमवा. हजेरीच्या वहीचा फोटो. मुकादमाने फोनवरून पाठवलेले पैसे आणि त्यांच्या तारखा. ‘उद्या सकाळी आठला साइटवर ये’ असा निरोप. साइटच्या गेटवरची नोंद. हेल्मेट घातलेला, मागे इमारत दिसणारा फोटो. उचल घेतल्याची चिठ्ठी.

सोबत काम करणाऱ्या दोघा-तिघांची नावे, गावाचे पत्ते आणि फोन नंबर लगेच लिहून घ्या. बांधकामावरची माणसे महिन्याभरात दुसऱ्या साइटवर, कधी दुसऱ्या राज्यात निघून जातात. पुढे साक्षीदार शोधत फिरण्यापेक्षा आज वहीत नाव टिपणे कितीतरी सोपे.

जागेचे फोटोही त्याच दिवशी काढा. कठडा नसलेला लिफ्टचा खड्डा, उघडी डक्ट, बांबूच्या सैल गाठी, जाळी नसलेली बाजू. दुसऱ्या दिवशी तिथे नवी जाळी लागलेली असते.

मालकाला नोटीस

अपघाताची लेखी सूचना शक्य तितक्या लवकर मालकाला द्यावी. त्यासाठी ठरावीक भाषा लागत नाही. जखमीचे नाव व पत्ता, अपघाताची तारीख, जागा आणि कारण, साध्या शब्दांत. ती रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपा. ठेकेदाराला पाठवा आणि बिल्डरलाही पाठवा.

नोटीस द्यायची राहिली म्हणून खचून जाऊ नका. मालकाला अपघात अन्य मार्गाने माहीत होता असे दिसले, तर नोटिशीअभावी दावा बुडत नाही. पण दाव्याची मुदत लक्षात ठेवा. अपघात किंवा मृत्यूच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत अर्ज झाला पाहिजे. सबळ कारण दाखवले तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर बसू नये.

जबाबदार कोण: मुकादमापासून बिल्डरपर्यंत

बांधकामावर कामे पोटात पोट अशी दिलेली असतात. बिल्डर मुख्य ठेकेदाराला, तो सेंट्रिंगच्या ठेकेदाराला, तो मुकादमाला. कामगार ओळखतो तो फक्त मुकादमाला. मुकादमाकडून लाखांची भरपाई निघणार नाही हे सगळ्यांनाच ठाऊक असते.

कायद्याने याचा विचार आधीच केला आहे. आपल्या धंद्याचा भाग असलेले काम ज्याने ठेकेदाराकडून करून घेतले, त्याला मूळ मालक समजतात. अपघात त्याच्या कामाच्या जागी झाला असेल, तर कामगार त्या मूळ मालकाकडून थेट भरपाई मागू शकतो, जणू तो त्याचाच कामगार होता. मूळ मालकाने ती भरून नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. तो हिशेब त्यांच्या दोघांतला. जखमी कामगाराने त्यासाठी थांबायचे कारण नाही.

‘अपघाताची जबाबदारी ठेकेदाराची राहील’ असे करारात लिहिलेले असते आणि तो कागद बिल्डर पुढे करतो. त्या ओळीने बिल्डर आणि ठेकेदार बांधले जातात, कामगार बांधला जात नाही.

दाव्यात मुकादम, ठेकेदार, बिल्डर आणि विमा असेल तर विमा कंपनी, सगळ्यांना सामनेवाले करा, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध दावा आहे असे पक्षकार करा. एकट्या मुकादमावर दावा लावायचा आणि निकाल कागदावरच राहायचा, असे फार वेळा घडते.

बिल्डरचे खरे नाव सापडत नसेल तर साइटवरचा फलक पाहा. मोठ्या प्रकल्पाचा महारेरा नोंदणी क्रमांक असतो. त्या क्रमांकावरून महारेराच्या संकेतस्थळावर विकासक कंपनीचे नाव व पत्ता मिळतो. फलकावरचे प्रकल्पाचे गोंडस नाव आणि कंपनीचे नाव वेगवेगळे असते, ही गल्लत करू नका.

घरमालकाने राहण्यासाठी स्वतःचे घर ठेक्याने बांधून घेतले असेल, तर चित्र वेगळे असते. बांधकाम हा त्याचा धंदा नसतो, त्यामुळे मूळ मालकाची ही जबाबदारी सहसा त्याच्यावर येत नाही. अशा वेळी दाव्याचा रोख ठेकेदारावर राहतो.

‘पट्टा लावला नव्हता’

मालकाला सुटायला वाटा आहेत, पण अगदी अरुंद. कामगार दारूच्या किंवा अमली पदार्थाच्या अमलाखाली होता आणि त्यामुळेच अपघात झाला. किंवा सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट हुकूम त्याने जाणूनबुजून मोडला. किंवा सुरक्षेचे साधन मुद्दाम काढून टाकले. एवढेच बचाव.

हे सिद्ध करायचे ते मालकाने. पट्टा लावला नव्हता म्हणणाऱ्याने आधी दाखवावे की पट्टा दिला होता, तो अडकवायला जागा होती आणि लावायचा हुकूम स्पष्ट होता. नजर चुकली, पाय घसरला, घाई झाली याला जाणूनबुजून मोडणे म्हणत नाहीत.

आणि एक गोष्ट कामगाराच्या घरच्यांना कोणी सांगत नाही. मृत्यू झाला असेल किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल, तर वरचे तिन्ही बचाव चालतच नाहीत. नवरा गेल्यावर ‘त्याचीच चूक होती, तुम्हाला काही मिळणार नाही’ असे बाईला सांगितले जाते. ते कायद्याला धरून नाही.

कामाच्या ओघात म्हणजे कुठवर

स्लॅबवर काम करताना पडला तर शंका नसते. प्रश्न येतो तो कामावर येता-जाता झालेल्या अपघाताचा.

आपल्याकडचेच प्रकरण आहे. धाराशिव जिल्ह्यातील साखर कारखान्याचा रखवालदार एप्रिल २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीला निघाला आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात गेला. आयुक्तांनी घरच्यांना भरपाई दिली, उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ती रद्द केली. २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती परत दिली. वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसत असेल, तर घरून कामावर जाताना किंवा कामावरून परतताना झालेला अपघातही कामाच्या ओघातला धरावा, असा त्याचा अर्थ. नव्या संहितेत तशी तरतूदच आहे.

म्हणून ठेकेदाराच्या टेम्पोतून साइटवर जाताना अपघात झाला तर ‘तो रस्त्यावरचा अपघात, आमचा संबंध नाही’ हे उत्तर मुकाट्याने ऐकून घेऊ नका.

आधी पाहा: ईएसआय आहे का

ईएसआय म्हणजे कामगार राज्य विमा योजना. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार तिच्यात येतात. बांधकामाच्या साइटवरील कामगारांना ती ऑगस्ट २०१५ पासून लागू झाली.

अपघाताच्या दिवशी कामगार या विम्यात असेल, तर भरपाई ईएसआय महामंडळाकडून मिळते आणि आयुक्तांकडे मालकाविरुद्ध दावा करता येत नाही. तिथला लाभ एकरकमी नसून दरमहा मिळत राहतो. तात्पुरत्या अपंगत्वात वेतनाच्या ९० टक्के दराने, मृत्यू झाल्यास अवलंबितांना त्याच हिशेबाने वाटून.

पगारातून ईएसआयचे पैसे कापले जात होते का, विमा क्रमांक आहे का, हे पहिल्याच आठवड्यात तपासा. चुकीच्या दारात दोन वर्षे घालवल्यावर हे कळले तर फार उशीर झालेला असतो.

रक्कम कशी ठरते

विम्यात नसलेल्या कामगाराची भरपाई एका सूत्राने ठरते. त्यात तीनच आकडे लागतात: महिन्याचे वेतन, वय आणि अपंगत्वाचे टक्के.

हिशेबासाठी वेतनाला वरची मर्यादा आहे. जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने ती महिना १५,००० रुपये झाली. त्याआधी ती ८,००० होती. प्रत्यक्ष मजुरी कितीही असो, हिशेब या मर्यादेपर्यंतच होतो. अपघाताच्या दिवशी जी मर्यादा लागू होती तीच धरायची, म्हणून त्या तारखेची अधिसूचना पाहून घ्या.

वयासाठी कायद्यात एक तक्ता दिलेला आहे. प्रत्येक वयासमोर एक गुणक असतो, म्हणजे ज्याने गुणायचे तो आकडा. वय २५ असेल तर २१६.९१, ३० ला २०७.९८, ४० ला १८४.१७, ५० ला १५३.०९. माणूस जितका तरुण, तितकी पुढची कमाई जास्त, म्हणून गुणक मोठा.

आता उदाहरण घेऊ. समजा तीस वर्षांचा सेंट्रिंग कामगार आहे. रोज ७०० रुपये, महिन्याला २६ दिवस, म्हणजे १८,२०० रुपये. हिशेबाला १५,००० धरायचे.

मृत्यू झाला असेल तर वेतनाच्या ५० टक्के गुणिले गुणक. ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. अंत्यविधीचा खर्च त्याशिवाय.

कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल, म्हणजे काम करणे पुढे शक्यच नसेल, तर ६० टक्के गुणिले गुणक. ९,००० गुणिले २०७.९८, म्हणजे १८,७१,८२० रुपये.

अपंगत्व अंशतः असेल तर या रकमेचे तेवढे टक्के. कायद्याच्या परिशिष्टात यादीच आहे. अंगठा पूर्ण गेला तर ३० टक्के, एका हाताची चारही बोटे गेली तर ५०, तर्जनी पूर्ण गेली तर १४. आपल्या कामगाराचा अंगठा गेला असेल तर १८,७१,८२० चे ३० टक्के, म्हणजे ५,६१,५४६ रुपये.

अपंगत्व तात्पुरते असेल, हाड मोडून काही महिने घरी बसावे लागले असेल, तर दर पंधरवड्याला महिन्याच्या वेतनाच्या २५ टक्के मिळतात, जास्तीत जास्त पाच वर्षे. आपल्या उदाहरणात दर पंधरवड्याला ३,७५० रुपये. तीन दिवसांत बऱ्या होणाऱ्या दुखापतीला मात्र भरपाई नाही.

उपचारांचा प्रत्यक्ष खर्चही मालकाने द्यायचा असतो आणि तो भरपाईतून वजा होत नाही. ‘दवाखान्याचे दोन लाख आम्हीच भरले, आता भरपाई कसली?’ हा प्रश्न घरच्यांना गप्प करतो. उपचारांचे पैसे वेगळे, भरपाई वेगळी.

टक्के कोणते: शरीराचे की कमाईचे

यादीत नसलेली दुखापत असेल, उदाहरणार्थ कंबरेचे किंवा मांडीचे हाड मोडले असेल, तर पात्र डॉक्टरांचा दाखला लागतो. त्यात लिहून घ्यायचे ते कमाईच्या क्षमतेचे नुकसान. शरीर किती टक्के निकामी झाले हा आकडा वेगळा असतो.

हे दोन आकडे एकच समजण्याने कामगाराचे मोठे नुकसान होते. गुडघा पूर्ण वाकत नाही, डॉक्टरांनी शरीराचे अपंगत्व २५ टक्के लिहिले. बैठे काम करणाऱ्याचे फारसे अडणार नाही. परांचीवर चढून विटा लावणाऱ्या गवंड्याचे काम मात्र थांबलेच.

सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये प्रताप नारायण सिंह देव यांच्या प्रकरणात हेच मोजमाप लावले. ओडिशातील जेपूर येथे सिनेमागृहाचे काम करताना पडलेल्या सुताराचा डावा हात कोपराच्या वरून गेला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याच्यासाठी ते पूर्ण अपंगत्वच, असे न्यायालयाने धरले. भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते, निकालाच्या दिवशी नव्हे, हेही याच निकालात आहे.

म्हणून डॉक्टरांना कामाचे स्वरूप नीट समजावून सांगा. काय उचलावे लागते, कुठे चढावे लागते, किती तास उभे राहावे लागते.

पन्नास हजार आणि स्टॅम्पपेपर

अपघातानंतर काही दिवसांनी ठेकेदाराचा माणूस घरी येतो. हातात पन्नास हजार रुपये आणि एक स्टॅम्पपेपर. ‘यापुढे माझी कोणतीही मागणी नाही’ असा मजकूर. घरात चूल पेटायची असते, सही होते.

इथे कायदा कामगाराच्या बाजूने ठाम उभा आहे. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार निरर्थक ठरतो. रकमेबाबत तडजोड करायची तर ती आयुक्तांकडे नोंदवावी लागते आणि रक्कम अपुरी वाटली किंवा दबाव दिसला तर आयुक्त ती नोंदवायला नकार देऊ शकतात.

मृत्यूच्या प्रकरणात नियम आणखी कडक आहे. भरपाई थेट घरच्यांच्या हातात न देता आयुक्तांकडे जमा करावी लागते. परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून मोजले जात नाहीत. तीन महिन्यांच्या वेतनापर्यंत आगाऊ दिलेली रक्कम तेवढी वजा होऊ शकते.

तेव्हा गरजेपोटी कोणी सही केली असेल तरी दाव्याचे दार बंद झालेले नाही. घेतलेली रक्कम अर्जात प्रामाणिकपणे नमूद करा आणि पुढे चला.

अर्ज कुठे आणि कसा

मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत आयुक्तांचे काम कामगार न्यायालयात चालते, काही जिल्ह्यांत वरिष्ठ स्तराच्या दिवाणी न्यायाधीशांकडे. अर्ज तीन ठिकाणी करता येतो: अपघात झाला तिथे, दावा करणारा राहतो तिथे, किंवा मालकाचे नोंदणीकृत कार्यालय आहे तिथे.

यातली दुसरी जागा फार मोलाची आहे. पुण्यात नवरा गमावलेल्या आणि जालन्याला माहेरी परतलेल्या बाईला प्रत्येक तारखेला पुण्याला जावे लागत नाही. तिला जालन्यातच अर्ज करता येतो.

अर्जात पाच गोष्टी नीट मांडा: मालक-कामगार नाते, अपघात, त्याचा कामाशी संबंध, वय आणि वेतन. वयासाठी शाळेचा दाखला किंवा आधार. वेतनाचा कागद नसेल तर सोबतच्या कामगारांची साक्ष आणि त्या कामाचा किमान वेतन दर.

मृत्यूच्या दाव्यात अवलंबितांची, म्हणजे मृताच्या कमाईवर जगणाऱ्या घरच्यांची, सगळ्यांची नावे घाला. विधवा, अज्ञान मुले, अविवाहित मुलगी, विधवा आई. एखादे नाव गाळले की वाटपाच्या वेळी घरातच भांडण उभे राहते. कोणाला किती हे आयुक्त ठरवतात आणि अज्ञान मुलांचा वाटा बहुधा बँकेत ठेवायला सांगतात.

वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही चौकशी करता येते.

उशीर झाला तर व्याज आणि दंड

देय झाल्यापासून महिनाभरात मालकाने भरपाई दिली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज लागते. आपल्या अंगठ्याच्या उदाहरणात ते वर्षाला सुमारे ६७,००० रुपये होते. उशिराला योग्य कारण नसेल तर आयुक्त भरपाईच्या ५० टक्क्यांपर्यंत वाढीव रक्कमही लावू शकतात.

विमा असेल तर भरपाई आणि व्याज कंपनी भरते. वाढीव रक्कम मात्र मालकाला स्वतःच्या खिशातून द्यावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ठरवले. अर्जात व्याज आणि ही वाढीव रक्कम दोन्ही स्पष्ट मागा.

मालकाला उच्च न्यायालयात अपील करायचे तर आधी पूर्ण रक्कम जमा करावी लागते. आणि निकालानंतरही पैसे दिले नाहीत तर ते जमीन महसुलाच्या थकबाकीसारखे, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत वसूल होतात. त्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो. तो द्यायचा राहून गेल्याने जिंकलेले दावे पडून राहतात.

यंत्राखाली अपघात झाला असेल तर

डंपर, मिक्सर किंवा क्रेन अशा मोटार वाहनामुळे अपघात झाला असेल, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचीही वाट आहे. तिथे वेतनाला १५,००० ची मर्यादा नसते आणि पुढे वाढणारी कमाईही धरली जाते, त्यामुळे रक्कम बरेचदा मोठी होते. पण चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो.

दोन्हीकडे भरपाई घेता येत नाही, एकच वाट निवडावी लागते. मालकाच्या निष्काळजीपणाबद्दल दिवाणी दावा लावायचा असेल तरी हाच नियम. निवड करण्याआधी वकिलाशी एकदा बोला.

जागा असुरक्षित होती, त्याची शिक्षा

भरपाईसाठी चूक दाखवावी लागत नाही, याचा अर्थ चुकीला माफी आहे असा नाही. तो हिशेब वेगळ्या दारात होतो.

निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. इमारत बांधताना, पाडताना किंवा दुरुस्त करताना पुरेशी खबरदारी न घेणे हा कलम २९० खाली स्वतंत्र गुन्हा आहे, कोणाला इजा झाली नसली तरी.

साइटच्या सुरक्षेची तपासणी महाराष्ट्रात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय करते. तिथे लेखी तक्रार द्या. व्यावसायिक सुरक्षा संहितेनुसार मालकाने कर्तव्य न पाळल्याने मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड होऊ शकतो. त्या दंडातला किमान निम्मा वाटा पीडिताला किंवा वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. तो भरपाईच्या जोडीला मिळणारा पैसा आहे, म्हणून या खटल्याकडे दुर्लक्ष करू नका.

मात्र फौजदारी खटला संपेपर्यंत भरपाईचा अर्ज थांबवू नका. खटला वर्षानुवर्षे चालतो, अर्जाची मुदत दोनच वर्षांची आहे.

कल्याणकारी मंडळाची मदत वेगळी

महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी असेल, तर कामावर मृत्यू झाल्यास वारसाला पाच लाख रुपये मिळतात आणि ७५ टक्के किंवा अधिक कायमचे अपंगत्व आल्यास दोन लाख. बांधकामांवर घेतल्या जाणाऱ्या उपकरातून हा पैसा येतो. ही मदत मालकाच्या भरपाईऐवजी नसते, तिच्याशिवाय असते. ‘मंडळाचे पाच लाख मिळाले ना’ असे म्हणून मालकाला हात झटकता येत नाहीत.

अडते ते नूतनीकरणाला. नोंदणी दरवर्षी चालू ठेवावी लागते. कार्ड पेटीत असते, मुदत संपलेली असते आणि हक्काचे पाच लाख जातात.

अपघाताआधीच करून ठेवायचे

वरच्या प्रत्येक टप्प्यावर दावा कुठे पडतो ते पाहिले तर एकच गोष्ट दिसते. कायद्याने कामगाराला पुष्कळ दिले आहे. कमी पडतो तो कागद, आणि तो बहुतेक वेळा अपघाताआधी मिळवता आला असता.

म्हणून बांधकामावर जाणारे कोणी आपल्या घरात असेल, शेजारी असेल, तर ही कामे त्यांच्याकडून आजच करून घ्या. साइटवर पाऊल ठेवताच महारेरा क्रमांकाच्या फलकाचा फोटो. बिल्डर, ठेकेदार आणि मुकादम यांची नावे घरच्यांच्या फोनमध्ये. शक्यतो मजुरी खात्यात किंवा फोनवर, म्हणजे तिचा माग राहतो. रोखीने मिळत असेल तर आठवड्याच्या हजेरीचा एक फोटो. मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम झाले असेल आणि वय १८ ते ६० मध्ये असेल तर मंडळाची नोंदणी, आणि तिच्या नूतनीकरणाची तारीख घरातल्या कॅलेंडरवर.

आपण स्वतः बांधकाम करवून घेत असाल, तर ठेकेदाराला दोनच प्रश्न विचारा: कामगारांचा विमा काढला आहे का, आणि त्याची पॉलिसी दाखवता का? पॉलिसी हातात येईपर्यंत काम सुरू करू देऊ नका. तिचा हप्ता एकूण खर्चात फारसा जाणवत नाही. ती नसेल, तर तोच खर्च एखाद्या कामगाराच्या मुलांना आयुष्यभर फेडावा लागतो.